ब्लॉगच्या जागेवर सरकारचा हात पडला तर : राहायचं की निघायचं?

अटी बदलल्याची मेल आली की बहुतेक जण न वाचता ‘मान्य’ दाबतात. उरलेले कुणीतरी घाबरवलं म्हणून रात्रीत खातं उडवतात. दोन्हींत नुकसान लिहिणाऱ्याचंच. अजिंक्यताऱ्याच्या तटबंदीच्या नोंदी असोत, तासगावच्या द्राक्षबागेतल्या फवारण्यांची टिपणं असोत, नाहीतर साखर कारखान्याच्या निवडणुकीवरचं खरमरीत लेखन असो, हे सगळं आपण कुठल्या तरी कंपनीच्या जागेवर ठेवलेलं असतं. त्या कंपनीवर दडपशाही करणाऱ्या सरकारचा ताबा आला तर काय तपासायचं आणि कुठल्या क्रमानं हलायचं, ते इथं दिलं आहे.

क्रम चुकवू नका. आधी नक्कल, मग विचार, मग नवी जागा. जुन्या खात्याला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. नक्कल घरात आली की निर्णयाला आठवडा लागला तरी बिघडत नाही. ती नसेल तर प्रत्येक बातमी धास्ती देते आणि धास्तीत माणूस चुकीचं बटण दाबतो.

लाइव्हजर्नलचं काय झालं

हे उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथं एका दिवसात काहीच घडलं नाही. ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकी तरुणानं १९९९ मध्ये लाइव्हजर्नल हे ब्लॉग लिहायचं संकेतस्थळ सुरू केलं. २००५ च्या सुरुवातीला ते सिक्स अपार्ट या अमेरिकी कंपनीकडे गेलं आणि डिसेंबर २००७ मध्ये सुप या रशियन कंपनीनं ते विकत घेतलं. तेव्हा सर्व्हर, म्हणजे मजकूर साठवणारे संगणक, अमेरिकेतच होते, त्यामुळे बाहेरच्या लेखकांना फरक जाणवला नाही. रशियात मात्र कायदे बदलत होते. ऑगस्ट २०१४ पासून रोज ३००० हून अधिक वाचक असलेल्या ब्लॉगरला तिथल्या नियामकाकडे नोंदणी सक्तीची झाली, आणि मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी वृत्तपत्रासारखी त्याच्यावर आली. त्याआधीच, मार्च २०१४ मध्ये, विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांचा लाइव्हजर्नलवरचा ब्लॉग रशियात रोखला गेला होता. सप्टेंबर २०१५ पासून रशियन नागरिकांची माहिती देशातच साठवण्याचं बंधन आलं. डिसेंबर २०१६ मध्ये लाइव्हजर्नलचे सर्व्हर रशियात हलले. ४ एप्रिल २०१७ ला नवा करार आला : रशियन कायदा लागू, राजकीय प्रचाराला मनाई, आणि इंग्रजी मजकूर फक्त माहितीपुरता, बंधनकारक मसुदा रशियन भाषेतला.

मालकी बदलल्यापासून करार बदलेपर्यंत नऊ वर्षं गेली. निघायला एवढा वेळ असूनही बरेच जण शेवटच्या आठवड्यात धावले. पुढे हा मंच ज्या रॅम्बलर समूहात आहे, त्याचा ताबा सरकारी मालकीच्या स्बेरबँकेकडे गेला.

यातून लक्ष ठेवायच्या खुणा मिळतात. मालकी विकली जाणं, सर्व्हर दुसऱ्या देशात जाणं, कराराची बंधनकारक भाषा बदलणं, टोपणनावाला बंदी किंवा ओळखपत्राची सक्ती, पत्त्याच्या सुरुवातीचं, सुरक्षित जोडणी दाखवणारं एचटीटीपीएस जाऊन नुसतं एचटीटीपी उरणं. यातली एकच खूण दिसली तर नक्कल ताजी करा. दोन दिसल्या तर नवी जागा शोधायला लागा.

पहिली पायरी : ब्लॉगचा सातबारा काढा

जमीन घेताना आपण मालक कोण, बोजा कुणाचा हे बघतो, तसं इथंही बघायचं. एका कागदावर लिहा : कंपनीचा मालक कोण आणि तो कुठल्या देशात नोंदलेला, करारात कुठल्या देशाचा कायदा आणि कुठलं न्यायालय लिहिलंय, सर्व्हर कुठं आहेत, डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे, आणि नक्कल काढून घ्यायची सोय आहे का. पहिल्या दोन गोष्टी कराराच्या शेवटच्या भागात ‘लागू कायदा’ आणि ‘वादनिवारण’ या कलमांत सापडतात. सर्व्हरचं ठिकाण गोपनीयता धोरणात असतं, पण ते बऱ्याचदा मोघम लिहितात.

डोमेनकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. २०१२ पासून गुगल आपल्या ‘ब्लॉगर’ सेवेवरच्या ब्लॉगांच्या भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट इन या पत्त्यावर वळवत असे. २०२० मध्ये ते डोमेन गुगलच्या हातून निसटलं आणि तिऱ्हाइताकडे गेलं. मराठीतल्या असंख्य पानांवर, फेसबुकवर, पुस्तकांच्या तळटीपांत दिलेले ‘डॉट इन’चे दुवे एका झटक्यात मेले. ब्लॉग जागेवर होते, फक्त पत्ता गेला. यात सरकारचा हात नव्हता, पण पत्ता दुसऱ्याच्या नावावर असला की काय होतं ते यातून दिसतं.

दुसरी पायरी : धोका नेमका कुणाला

सर्व्हर कुठं आहे यापेक्षा माणूस कुठं बसला आहे हे जास्त महत्त्वाचं, असं आमचं ठाम मत आहे. साताऱ्यात राहून सज्जनगडावर लिहिणाऱ्याला रशियन कायद्याची भीती फार तर खातं जाण्याची. पण कराड-मिरजेची जी मुलं एमबीबीएससाठी रशियात आहेत, त्यांचं तसं नाही. ४ मार्च २०२२ ला तिथं सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवणं गुन्हा झालं, कमाल शिक्षा १५ वर्षं. तिथं शिकणाऱ्यानं अमेरिकी मंचावर मराठीत लिहिलं तरी तो स्वतः रशियातच आहे. दुबईत नोकरी करणाऱ्यालाही हेच लागू. अमिरातीचा अफवा आणि सायबर गुन्ह्यांविरोधातला २०२१ चा कायदा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, आणि मंच कुठला हे तो विचारत नाही. अशांनी मंच बदलून फारसं साधत नाही. काय लिहायचं, कुठल्या नावानं, आणि परत येईपर्यंत काय झाकून ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न आहे.

आपल्याकडेही तेच. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. मंच अमेरिकी होता, पोलीस ठाणं पालघरचं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाखाली ती झाली ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण तेढ पसरवणं, धार्मिक भावना दुखावणं, बदनामी यांची कलमं भारतीय न्याय संहितेत आहेतच : अनुक्रमे १९६, २९९ आणि ३५६.

मजकूर रोखण्याचा मार्ग निराळा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली केंद्र सरकार आदेश काढतं, आणि २००९ च्या नियमांतला सोळावा नियम त्या कारवाईला गोपनीय ठेवतो. नोटीस कंपनीला गेली तरी लेखकाला ती दिसेलच असं नाही. वाचकानं फोन करून ‘तुझं पान उघडत नाही’ असं सांगितल्यावरच कळतं. शिवाय एकासाठी अडवताना शेजारचे शंभर अडकतात. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर मोजक्या पानांची यादी इंटरनेट कंपन्यांकडे गेली, आणि काहींनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं.

आता एक यादी करा, आणि ती कागदावरच ठेवा : तुमच्या ब्लॉगवर टोपणनावानं लिहिणारे कोण, फक्त निवडक मित्रांसाठी ठेवलेल्या, म्हणजे कुलूपबंद, नोंदी किती, कुणाच्या नोकरीला किंवा व्हिसाला त्यातल्या मजकुराचा धक्का लागेल. तुमचा निर्णय या माणसांनाही बांधतो. ब्लॉग हलवताना त्यांच्या प्रतिक्रियाही हलतात, म्हणून आधी विचारा.

तिसरी पायरी : नक्कल

इथं सर्वांत जास्त वेळ द्या. अंदाज असा : ४०० नोंदी, नोंदीमागे ४ फोटो, फोटो सरासरी ३०० केबी धरला तर फोटोच साधारण ४८० एमबी होतात. मजकूर त्यापुढे नगण्य. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळं आरामात बसतं.

ब्लॉगर : गुगल टेकआउट, म्हणजे गुगलवरची आपली माहिती उतरवून घ्यायची सोय, उघडा, सगळ्या खुणा काढून फक्त ‘ब्लॉगर’वर खूण ठेवा, झिप मागवा. झिपमधल्या फीडच्या (मजकुराच्या) फाइलीत नोंदी आणि प्रतिक्रिया येतात, पण फोटो नसतात, फक्त फोटोंचे पत्ते असतात. लोक ही फाइल जपून ठेवतात आणि ब्लॉग गेल्यावर कळतं की चित्रं गुगलकडेच राहिली. टेकआउटच्या झिपमध्ये चित्रांचा वेगळा फोल्डर आलाय का ते बघा. एखादं राहिलं असेल तर त्याच्या पत्त्यात ‘एस३२०’सारखा तुकडा शोधा. तो ‘एस०’ केला की मूळ आकाराचं चित्र उतरतं.

वर्डप्रेस : ‘टूल्स’मधल्या ‘एक्सपोर्ट’नं मिळणाऱ्या फाइलीतही फोटो नसतात. वर्डप्रेस डॉट कॉमवर त्याच पानावर मीडिया लायब्ररी स्वतंत्र उतरवायची सोय आहे. दोन्ही घ्या.

लाइव्हजर्नल : एक्सपोर्टचं पान एका वेळी एकाच महिन्याच्या नोंदी देतं, सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) किंवा एक्सएमएलमध्ये, प्रतिक्रियांशिवाय. दहा वर्षांचा ब्लॉग म्हणजे १२० वेळा तेच काम. त्यापेक्षा एलजेडम्प ही पायथनमधली मोफत आज्ञावली नोंदी आणि प्रतिक्रिया एकदम उतरवते. चित्रं मात्र हातानंच.

मराठी मजकुराची खास दुखणी चार. पहिलं, सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकनं उघडू नका. देवनागरीच्या जागी परदेशी चिन्हांची भेळ दिसते, आणि तशीच जतन केली की कायमची बिघडते. ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ घ्या आणि यादीतून ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. मूळ फाइलीला हात न लावता तिची प्रत उघडा.

दुसरं, अर्धा र. जुन्या कळफलकांवर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ लिहिताना र आणि हलंतानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह टाकलं जायचं. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या आज्ञावल्या हे चिन्ह निरुपयोगी समजून काढतात, आणि शब्द ‘दुसर्या’, ‘वार्यावर’ असे होतात. नक्कल उतरली की हेच दोन शब्द शोधून बघा. सापडले तर कुठल्या टप्प्यावर चिन्ह गेलं ते शोधा, नाहीतर शब्दागणिक बदल करत बसावं लागेल.

तिसरं, २००५-०६ च्या आसपासचा मजकूर. तो श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असेल तर फाइलीत देवनागरी नाहीच, इंग्रजी अक्षरं आहेत. फॉन्ट गेला की अर्थ गेला. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, आणि मूळ फॉन्टची फाइलही नकलेसोबत ठेवा, कारण रूपांतरात जोडाक्षरं हमखास चुकतात.

चौथ्याबद्दल पुढे, पत्त्यांच्या भागात.

प्रती तीन करा : एक संगणकावर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी किंवा ऑनलाइन साठवणीत. सांगलीकरांना याचं कारण सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. नगर वाचनालयातली पुस्तकं त्या पाण्यात भिजली. गावभागातल्या घरात संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात हार्ड डिस्क, ही एकच प्रत झाली. दुसरी विश्रामबागेत किंवा मिरजेला कुणाकडे तरी ठेवा. फक्त ऑनलाइन प्रत पुरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीच्या दंगलीनंतर सातारा जिल्ह्यात इंटरनेटच बंद होतं.

महत्त्वाच्या नोंदी वेबॅक मशिनमध्येही, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करा. पण तिच्यावर विसंबू नका : ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपट चाचेगिरीच्या खटल्यातल्या आदेशानं भारतात तीही काही काळ रोखली गेली होती. शिवाय तिथं गेलेलं सगळ्यांना दिसतं, म्हणून कुलूपबंद नोंदी तिकडे नेऊ नका.

शेवटी तपासणी. नोंदींची संख्या मूळ ब्लॉगशी जुळवा. मग सर्वांत जुन्या ५, अलीकडच्या ५, जास्तीत जास्त प्रतिक्रियांच्या ५ आणि फोटोंनी भरलेल्या ५, अशा २० नोंदी इंटरनेट बंद करून उघडा. इंटरनेट चालू ठेवून बघाल तर चित्रं जुन्या सर्व्हरवरून येतील आणि सगळं ठीक आहे असा भास होईल.

चौथी पायरी : ठरवणं

वाचक जर त्याच देशात असतील आणि त्यांना तिथंच वाचणं सोयीचं असेल, तर राहण्यालाही अर्थ आहे. दडपशाहीच्या देशातून सगळे चांगले लेखक उठून गेले की उरलेल्या वाचकांना फक्त सरकारी सूर ऐकू येतो. पण राहायचं तर अटी घालून : नवं लेखन आधी स्वतःच्या डोमेनवर, मग तिथं, कुलूपबंद नोंदी आणि खासगी निरोप तिथून काढलेले, दर महिन्याच्या एक तारखेला ताजी नक्कल.

पुढच्यांपैकी एक जरी लागू असेल तर राहू नका. लेखक किंवा प्रतिक्रिया देणारा त्या सरकारच्या हद्दीत आहे आणि त्याचं खरं नाव खात्याला जोडलेलं आहे. कराराची बंधनकारक भाषा तुम्हाला वाचता येत नाही. मंच आता फोन नंबर किंवा ओळखपत्र मागतो आहे. नक्कल काढायची सोय बंद झाली आहे, किंवा होणार असल्याचं जाहीर झालं आहे.

या टोकांच्या मध्ये असलेल्यांनी कंपनीचा स्वभाव बघावा. सरकारचा आदेश आला की ती लेखकाला कळवते का? मागण्यांचा अहवाल छापते का? न्यायालयात गेली आहे का? हे बघायला जाहिराती नकोत, मागची पाच वर्षं बघा. आणि फक्त रागावून निघू नका. रागानं निघालेले बरेच जण महिनाभरात इन्स्टाग्रामवर लिहायला लागतात. तिथली नक्कल वाचायला त्रासाची आणि जुनी नोंद शोधणं अशक्यप्राय.

पाचवी पायरी : नवी जागा आणि स्थलांतर

आधी स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये. मंच कितीही बदलले तरी वाचकाचा पत्ता तोच राहतो. डॉट कॉम अमेरिकी कंपनीच्या हाती आहे, डॉट इन भारत सरकारशी जोडलेल्या निक्सी या संस्थेच्या. डॉट इनमध्ये मालकाचं नाव झाकणारी प्रॉक्सी नोंदणी चालत नाही, म्हणून टोपणनावानं लिहिणाऱ्यानं ते टाळावं. नोंदणी एकदम पाच वर्षांची करा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे परदेशी कंपन्यांकडची कार्डवरची आपोआप वसुली बऱ्याचदा होत नाही, आणि डोमेन संपल्याची मेल स्पॅममध्ये पडून राहते. डॉट कॉम संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात मिळतं, मग ३० दिवस जबर दंड भरून, त्यानंतर ५ दिवसांत खुल्या बाजारात.

लाइव्हजर्नलवरून निघणाऱ्यांसाठी ड्रीमविड्थ सर्वांत जवळचं. लाइव्हजर्नलच्याच खुल्या कोडवरून ते २००९ मध्ये निघालं आणि अमेरिकेतून चालतं. ‘ऑर्गनाइझ’मधून ‘इम्पोर्ट कन्टेन्ट’ उघडा आणि जुनं खातं जोडा. नोंदी, प्रतिक्रिया, टॅग आणि कुलपं आहेत तशी येतात. चित्रं येत नाहीत. जुन्या खात्याचा पासवर्ड तिथं द्यावा लागतो, म्हणून काम झालं की तो लगेच बदला, आणि तोच पासवर्ड ईमेलला असेल तर तिथलाही.

वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत खात्यात १ जीबी जागा आहे, म्हणजे वरच्या हिशेबातला ब्लॉग मावतो. स्वतःच्या होस्टिंगवर (भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर) वर्डप्रेस टाकलं तर दोन ठिकाणी अडतं. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिची मूळ अपलोड मर्यादा २ एमबी असते, त्यामुळे मोठी फाइल अर्ध्यात थांबते. होस्टिंगच्या पॅनेलमधून ती ६४ एमबी करा. आणि डेटाबेस लॅटिन-१ सारख्या जुन्या अक्षरसंचात असेल तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. तेव्हा दुरुस्त करत बसू नका. डेटाबेस पुसा, यूटीएफ८एमबी४ या संचात नवा बनवा, पुन्हा आयात करा.

आता चौथं दुखणं, पत्ते. ब्लॉगर देवनागरी शीर्षकाचा पत्ता बनवत नाही. तो ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा असं काहीतरी देतो. उलट वर्डप्रेस देवनागरीच वापरतं, पण पत्त्यात प्रत्येक वर्ण, काना-मात्रा-अनुस्वारासकट, नऊ चिन्हांचा होतो आणि मर्यादा २०० चिन्हांची. म्हणजे जेमतेम २२ वर्ण. लांब शीर्षक मध्येच तुटतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक चार ओळी टक्क्यांच्या चिन्हांनी भरते. आयात करण्यापूर्वी ‘पर्मालिंक’मध्ये आकड्यांचा प्रकार निवडा, किंवा प्रत्येक नोंदीला रोमन लिपीत छोटा पत्ता द्या. चारशे नोंदींना हे करायला वेळ लागतो, पण नंतर करणं त्याहून वाईट, कारण तोवर नवे पत्तेही वाटले गेलेले असतात.

आधीच स्वतःचं डोमेन होतं त्यांचं काम सोपं. हलवायच्या दोन दिवस आधी डीएनएसमधली (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदीतली) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा, मग पत्ता नव्या सर्व्हरकडे वळवा. फोटो चढवण्यापूर्वी त्यांतली जागेची नोंद, म्हणजे जीपीएस, काढून टाका. टोपणनावानं लिहिणाऱ्याच्या घराचा पत्ता बहुतेक वेळा अशाच एखाद्या गच्चीवरच्या सूर्यास्तात सापडतो.

जुनं खातं

किमान सहा महिने दोन्ही ठिकाणं चालू ठेवा. जुन्या ब्लॉगवर शेवटची नोंद टाका, नवा पत्ता मजकुरात स्पष्ट अक्षरांत लिहून, कारण बाहेरच्या लिंक मंच कधीही काढू शकतो. ब्लॉगरमधली ‘कस्टम रिडायरेक्ट’ सोय त्याच ब्लॉगच्या आत चालते, बाहेर नेत नाही. म्हणून सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या २५-३० नोंदींच्या डोक्यावर हातानं नवी लिंक घाला.

धोका माणसाला असेल तर मात्र सहा महिने थांबू नका. आधी कुलूपबंद नोंदी आणि निरोप पुसा, मग त्या माणसाच्या प्रतिक्रिया, मग बाकीचं. पुसलेलं सर्व्हरच्या जुन्या प्रतींत राहू शकतं, आणि काही देशांत मजकूर ठरावीक काळ जपणं कंपनीला सक्तीचं असतं. रशियातला २०१६ चा यारोवाया कायदा संदेशांसाठी सहा महिन्यांपर्यंतची मुदत सांगतो. त्यामुळे त्या व्यक्तीला ‘पुसलं आहे’ एवढंच सांगा, ‘आता काही राहिलं नाही’ असं सांगू नका.

खातं पूर्ण उडवायचं की रिकामं ठेवायचं? आमचा कल रिकामं ठेवण्याकडे. लाइव्हजर्नलवर खातं बंद केल्यावर ३० दिवस परतीची मुभा असते, त्यानंतर ते कायमचं पुसलं जाऊ शकतं आणि नाव दुसऱ्याच्या हाती पडू शकतं. तुमच्या नावानं तिथं कुणी भलतंच लिहायला लागलं तर जुने वाचक तुमचंच समजतील. ब्लॉगरवर परतीची मुभा ९० दिवसांची. रिकामं ठेवलेल्या खात्याला लांब, वेगळा पासवर्ड द्या, दुहेरी पडताळणी लावा आणि वर्षातून दोनदा लॉगिन करा : गुगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकतं, आणि त्यासोबत ब्लॉगरही जातो.